पेरापेरानं

पहाटे ५.३०

ज्वारी निसवली, फुलोरा झडला, की ताट वाढायचं थांबतं. पुढं जे घडतं ते कणसात. दाणा दुधाळतो, हुरड्याला येतो, वाळतो. ताटाची उंची मात्र तेवढीच राहते. म्हणून ताट मोजायचं ते जानेवारीत, काढणी लागायच्या आत. सुप्यात रब्बीची ज्वारी माणसं हातानं उपटतात. एकदा उपटणी सुरू झाली की रानात मोजण्यासारखं काही उभं राहत नाही.

मी वनस्पतींच्या जनुकांवर काम करते. जनुकं वाचली जातात पुण्याच्या प्रयोगशाळेत, पण ती ज्या ताटात राबतात ते ताट इथं आहे, बारामती तालुक्याच्या जिरायत टोकाला, आमच्याच रानात. वर्षातले हे काही दिवस मी घरी येते आणि घरची सगळी माणसं कामाला लावते.

पिशवी भरून ठेवली आहे. टेप, लाकडी पट्टी, कागदी पाकिटं, सिलिका जेलचे खडे, आणि शिसपेन्सिली, कारण दवानं शाई फुटते. पानाचा तुकडा खुडून या खड्यांत ठेवला की तो दिवसभरात कडकडीत वाळतो आणि आतला डीएनए शाबूत राहतो. बर्फ लागत नाही, फ्रीज लागत नाही. गोठ्यात तात्यांची धार चालली आहे. दूध डेअरीवर वेळेत पोचायला हवं, त्यामुळे तात्या नंतर येतील. काकू माझ्याबरोबर निघतात.

७.००

दव एवढं आहे की दहा पावलांत बाह्या भिजल्या. आमचं रान भारी नाही आणि हलकंही नाही. दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम. सप्टेंबरच्या पावसावर पेरलं आणि त्याच ओलीवर पीक उभं आहे. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी या भागात येतं तेव्हा तळी-बंधारे भरतात, विहिरींना आधार होतो. तरी रब्बी ज्वारीचा भरवसा जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवरच असतो.

रानात तीन पट्टे आहेत. मोठा मालदांडीचा. ‘मालदांडी ३५-१’ हे वाण १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ केंद्रात गावरान मालदांडीतून निवडलं गेलं, आणि इतक्या वर्षांनंतरही रब्बीच्या भाकरीला लोक तेच मागतात. दुसरा पट्टा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले सुचित्रा’चा, मध्यम जमिनीसाठी सांगितलेला. तिसरा बांधालगतचा, चिंचोळा, बुटक्या ज्वारीचा. ते बी मी आणलं, तुलनेपुरतं.

मोजायची रीत सोपी आहे आणि चिकाटीची आहे. ताट निवडायचं, जमिनीपासून कणसाच्या बुडापर्यंत टेप धरायचा, आकडा सांगायचा. मग पानाचं आवरण बाजूला करून एकेक पेर मोजायचं, खालून वर. मी आकडा बोलते, काकू वहीत उतरवतात. मग कणसाखालच्या पानाचा बोटभर तुकडा पाकिटात, पाकिटावर नंबर, तोच नंबर ताटाला बांधलेल्या चिठ्ठीवर.

बुटक्या पट्ट्यात आल्यावर काकू थांबल्या. वहीतले दोन रकाने त्यांनी ताडून पाहिले. “अगं, पेरं तर तेवढीच भरत्यात की.”

हे त्यांना मी आधी सांगितलं नव्हतं. आकड्यांनी सांगितलं. बुटक्या ताटाला पेरं कमी असतात असं बघणाऱ्याला वाटतं, तसं नसतं. पानंही जवळजवळ तितकीच असतात. पेरांची संख्या ठरते फुलोऱ्याला किती दिवस लागतात त्यावरून. शेंडा पानं काढायचं सोडून कणीस घडवायला लागला की नवं पेर तयार होत नाही. उंचीची जनुकं त्यात हात घालत नाहीत. घडलेलं पेर किती लांबवायचं, एवढंच त्यांच्याकडं असतं. ही लांबी वाढते पेराच्या तळाशी, गाठीच्या लगेच वर. निसवण्याआधीचं कोवळं ताट सोलून पाहिलं तर तिथं एक फिकट, मऊ पट्टा सापडतो, नखानं सहज दबतो. पेशी तिथं दुभंगतात, मग लांबतात, मग टणक होतात. डोक्यावर गेलेली मालदांडी आणि कमरेला लागणारी बुटकी यांच्यातला सगळा फरक त्या पट्ट्यात, काही दिवसांत, पडलेला असतो.

९.३०

बांधावर न्याहारी. भाकरी, मटकीची उसळ, कांदा. तात्या डेअरीवरून आले ते थेट बुटक्या पट्ट्याकडं गेले, कणीस हातात घेऊन तोललं, ताट वाकवून बघितलं.

“कणीस काय वाईट न्हाय,” ते म्हणाले. “हीच पेरली तर यंत्रात जाईल. पुढच्या सालापासनं हीच आण की.”

“आन् जनावरांनी काय खायचं?” काकूंनी विचारलं. “तुमचं यंत्र?”

हा वाद घराघरात आहे आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. उपटणीला माणूस मिळत नाही. जमीन वाळून आवळलेली असते, ताट मुळासकट ओढायचं असतं, हाताला फोड येतात, कंबर धरते, आणि हे बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, मळायची. हार्वेस्टर एका दिवसात जे उरकेल त्याला इथं आठवडा जातो. उंच ताट यंत्राला जड जातं, वाऱ्यात लोळतं. म्हणून ज्वारीखालचं रान घटत चाललं आहे आणि तात्यांचा प्रश्न रास्त आहे.

पण काकू ज्या गोठ्याबद्दल बोलतात त्याच्यावर हे घर चालतं. सुप्याच्या बाजूला कालव्याचा हिरवा चारा नाही. दावणीला बारा महिने पडतो तो कडबा. गंजीत रचलेला कडबा वर्षभर टिकतो, कुट्टी करून घातला की जनावर आवडीनं खातं, आणि दुष्काळी सालात त्याची किंमत दाण्याच्या तोडीला जाते. २०१२-१३ला आणि पुन्हा २०१८-१९ला राज्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्या सालांत ज्याच्याकडं गंज होती त्याची जनावरं दारात राहिली. म्हणून ज्वारीचं पीक बघताना इथला शेतकरी कणसाबरोबर ताटाची जाडी, पानाचा हिरवेपणा, रसाची गोडी बघतो. दाणा आणि कडबा ही त्याच्या हिशोबात एकाच पिकाची दोन उत्पन्नं आहेत. वाणाच्या पत्रकात हेक्टरी धान्याचा आकडा ठळक छापतात. कडब्याचा तितकाच ठळक असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

११.००

ऊन चढलं, पानं कोरडी झाली, मोजणी थांबली. बाभळीखाली बसून वही तपासायची. या तासात तात्या मला नेहमी विचारतात की उंचीचं हे गणित पहिल्यांदा कुणी मांडलं, आणि मी सांगते.

अमेरिकेत ज्वारी गेली ती आफ्रिकेतून, उंच आणि उशिरा फुलणारी. तिथल्या सपाट रानांत ती यंत्रानं कापायची होती. शेतकऱ्यांनी आणि पैदासकारांनी मधेच उगवलेली बुटकी ताटं हेरली आणि त्यांचंच बी वाढवलं. टेक्सासमधल्या क्विन्बी आणि कार्पर या दोघांनी १९५४ साली हे सगळं हिशोबात बसवलं. ज्वारीची उंची मुख्यतः चार जागांवरून ठरते, असं त्यांनी दाखवलं. त्यांना ड्वार्फ-१ ते ड्वार्फ-४ अशी नावं मिळाली. प्रत्येक जागेवर जनुक चालू असेल तर ताट उंच, बिघडलेलं असेल तर पेर आखूड. कोणत्याही प्रयोगशाळेत डीएनए वाचता येत नव्हता त्या काळात, केवळ संकर करून, ताटं मोजून, त्यांनी हे काढलं. आम्ही आज सकाळी जे केलं तेच.

त्या जागांवर काय दडलंय हे कळायला पन्नास वर्षं लागली. २००३ साली ड्वार्फ-३ सापडलं. ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक पेशीबाहेर काढणारं प्रथिन त्यातून बनतं, आणि मक्यातही त्याचाच भाऊ बिघडला की मका बुटका होतो. ज्वारीतला तो बिघाड मजेशीर आहे. जनुकाचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो, आणि अधूनमधून एखाद्या ताटात ती जादा प्रत आपोआप गळून पडते. मग सपाट बुटक्या रानात एकच ताट उंच निघतं. ड्वार्फ-१ची ओळख २०१६च्या सुमारास पटली.

ड्वार्फ-२ हे माझं जनुक. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जॉन म्युलेट यांच्या गटानं २०१७ साली ते सहाव्या गुणसूत्रावर नेमकं शोधून काढलं. त्यांनी ‘ड्वार्फ यलो मिलो’ आणि तिच्यातून निपजलेली ‘डबल ड्वार्फ यलो मिलो’ ही दोन जुनी वाणं शेजारीशेजारी वाचली. पहिल्यात जनुक धड, दुसऱ्यात मोडलेलं. म्हणजे बिघाड कोणत्या घरात झाला तेही कळलं. आणि त्या जनुकातून जे प्रथिन बनतं ते निघालं कायनेज.

१२.३०

पेठेत जाऊन आले. पाकिटं संपत आली होती. सुप्याची पेठ जुनी आहे. पुणे-सुपे ही शहाजीराजांची जहागीर, आणि याच पेठेत १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं फोडून कर्जखतं जाळली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. मला त्या इतिहासातला बियाण्याचा धागा नेहमी खुणावतो. पैशाच्या कर्जाशेजारी धान्याचं कर्ज असायचं. पेरणीला बी उसनं घ्यायचं आणि खळ्यावर सवाईनं, दिढीनं परत करायचं. ज्याच्या कणगीत घरचं बी शिल्लक, त्याचा पेरणीपुरता तरी सावकाराशी संबंध नाही. बी राखणं ही इथं हौस नव्हती.

१.३०

जेवण. अर्धा तास डोळा.

२.००

आता लॅपटॉप. घरात सगळ्यात गार खोली आजीची, तिथंच बसते. ती खाटेवर पडून पंख्याकडं बघते, मी पडद्याकडं.

कायनेज करतं काय? पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो, त्याच्या टोकाला फॉस्फेटचा एक गट असतो. कायनेज तो गट काढून दुसऱ्या एखाद्या प्रथिनाच्या अंगावर, ठरलेल्या जागी बसवतं. बैलाच्या मानेवर जू ठेवलं की तो चालू लागतो आणि काढलं की थांबतो, तसं पुष्कळदा त्या दुसऱ्या प्रथिनाचं होतं. जू काढणारी प्रथिनंही पेशीत असतात. हे चढवणं-उतरवणं पेशीच्या कारभाराच्या मुळाशी आहे हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी प्राण्यांच्या स्नायूंवर काम करून दाखवलं; १९९२चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

ड्वार्फ-२ ज्या घराण्यातलं आहे त्याचं नाव एजीसी. नावातली तीन अक्षरं प्राण्यांमधल्या तीन कायनेजांवरून आली आहेत. त्यातलं पहिलं, पीकेए, माझ्याही अंगात आहे. सुटलेली एसटी धावत गाठताना स्नायूंतली साठवलेली साखर मोकळी होते, त्यात त्याचा हात असतो. माणसातल्या पाचशेवर कायनेजांपैकी ते एक. १९९१ साली कोणत्याही कायनेजाचा पहिला त्रिमितीय आकार उलगडला, तो याच पीकेएचा. वनस्पतींमध्ये या घराण्याची एक स्वतंत्र शाखा फुटली, तिला आठवी शाखा म्हणतात. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या इवल्या रोपात एजीसी घराण्याची ३९ जनुकं आहेत, त्यातली २३ या शाखेची. रोप प्रकाशाकडं वळतं ते या शाखेतल्या फोटोट्रॉपिनमुळं. फूल-फांद्या कुठं फुटायच्या त्यात पिनॉइड नावाच्या भावंडाचा वाटा. ते मोडलं की खोड टाचणीसारखं बोडकं येतं. आणि ज्वारीच्या पेराची लांबी ठरवण्यात ड्वार्फ-२. त्याचं अ‍ॅराबिडॉप्सिसमधलं भावंड पेशीच्या सांगाड्यावरून चालणाऱ्या एका वाहक प्रथिनाशी जोडलं जातं, हे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या ए. एस. एन. रेड्डी यांच्या गटानं २०००च्या सुमारास दाखवलं होतं. तेव्हा ज्वारीचा विचार कुणाच्या मनात नव्हता.

माझं दुपारचं काम म्हणजे या जनुकाच्या प्रती वेगवेगळ्या वनस्पतींतून आणून ओळीखाली ओळ मांडणं. ज्वारीचा जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. भाताचा २००५, हरभऱ्याचा २०१३, बाजरीचा २०१७. फिस्कोमिट्रेला या शेवाळाचा २००८, मार्केन्शिया या ओल्या दगडावर चिकटून वाढणाऱ्या वनस्पतीचा २०१७. हे सगळं कुणालाही मोफत उतरवून घेता येतं, आणि सुप्यात रेंज असेल तर मलाही.

ओळी जुळल्या की पडद्यावर स्तंभ उभे राहतात. एकेक स्तंभ म्हणजे प्रथिनातली एक जागा. पुढचा भाग सैल असतो. ज्वारी आणि मका तिथं जुळतात, भात थोडा दूर जातो, हरभऱ्याशी मेळ बसवताना मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, शेवाळाशी तर ओळखच राहत नाही. मग कायनेजाचा गाभा सुरू होतो आणि सगळ्या ओळी एकदम एका रंगाच्या होतात. एटीपीला धरून ठेवणारं लायसीन हे अमिनो आम्ल सर्वांत आहे. फॉस्फेट हलवताना जे कामाला येतं ते अ‍ॅस्पार्टेट सर्वांत आहे. थोडं पुढं, मॅग्नेशियमला आधार देणारी तीन अमिनो आम्लांची, म्हणजे तीन अक्षरांची, जागा. बहुतेक सगळ्या कायनेजांत ती डी-एफ-जी असते. माणसातल्या पीकेएमध्ये तशीच. वनस्पतींच्या या आठव्या शाखेत ती डी-एफ-डी आहे. शेवाळात डी-एफ-डी, हरभऱ्यात डी-एफ-डी, ज्वारीत डी-एफ-डी. एका अक्षराचा हा बदल या शाखेच्या मूळ पूर्वजात झाला आणि त्याच्या वंशात तो टिकला.

वर्षांचा हिशोब केला की मी दर वेळी थोडी थांबते. ज्वारी आणि मका वेगळे झाले त्याला सुमारे १.२ कोटी वर्षं. ज्वारी आणि भात, साधारण ५ कोटी. ज्वारी आणि हरभरा, म्हणजे एकदल आणि द्विदल, १४-१५ कोटींच्या आसपास. शेवाळाशी फारकत ४५ कोटींच्या पलीकडं. तेव्हा जमिनीवर झाडं नव्हती, पाठीचा कणा असलेला प्राणी जमिनीवर चढलेला नव्हता. त्या सगळ्या काळात डीएनए सतत बदलत राहिला आहे. हेही पडद्यावर दिसतं. प्रत्येक अमिनो आम्लाला डीएनएची तीन अक्षरं लागतात, आणि तिसरं अक्षर बदललं तरी पुष्कळदा अमिनो आम्ल तेच येतं. त्या तिसऱ्या जागांवर ज्वारी-भातात बदलच बदल आहेत. पहिल्या दोन जागांवर, गाभ्याच्या भागात, जवळजवळ शांतता. बदल तिथंही झाले असणारच. ज्या रोपात झाले त्याचा वंश उरला नाही.

जपणूक म्हणतात ती ही. जनुक कुणी पेटीत बंद केलेलं नाही. प्रत्येक पिढीत ते पुन्हा तपासलं जातं आणि त्यात नापास झालेलं मागे राहत नाही.

मग डबल ड्वार्फ यलो मिलोत ते मोडलं आणि तरी टिकलं, ते कसं? गवताळ रानात बुटकं ताट शेजाऱ्यांच्या सावलीत दबलं असतं. शेतात शेजारीही तेवढेच बुटके असतात, आणि बी कुणाचं ठेवायचं ते माणूस ठरवतो. कोट्यवधी वर्षं ज्या परीक्षेत उंच पेर पास होत आलं ती परीक्षाच यंत्रानं बदलली. त्यात चूक काही नाही. गव्हाचं, भाताचं असंच झालं. तिथली बुटकेपणाची जनुकं वेगळी, संप्रेरकांच्या साखळीतली, पण त्यांनीच आपल्या देशाचं पोट भरलं. भारतात ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ साली आलं तेही बुटकं होतं. खरिपात त्यानं दाणे भरपूर दिले. रब्बीच्या जिरायतीत मालदांडी हलली नाही, आणि त्याचं कारण न्याहारीला काकूंनी एका वाक्यात सांगितलं होतं.

मला हे मांडायचं आहे की सुप्यासारख्या गावांत उंच ज्वारी राहिली ती मागासलेपणानं नव्हे. इथं परीक्षा घेणारे दोघे होते, रान आणि गोठा, आणि दोघांनाही लांब पेर हवं होतं. पैदासकार उंची कमी करायला बसतील तेव्हा, आणि त्यांनी बसायला हवं, त्यांच्या टेबलावर या गोठ्याचा आकडा असावा. उंचीच्या चार जागांपैकी कोणती हलवली तर यंत्राला सोयीचं होईल आणि कडबा किती राखता येईल, हे पेरापेरानं मोजूनच कळेल. म्हणून ही वही.

५.००

आजी जागी झाली. मी पडद्यावर मिलो लिहिलेलं तिला वाचून दाखवलं आणि ती उठून बसली.

“मिलो? लाल मिलो? बहात्तरला आली व्हती रेशनला.”

१९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो महाराष्ट्रातल्या त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. आजी खडी फोडायला जायची. पाझर तलावाच्या कामावर, सुकडी मिळायची तिथं. मिलोची भाकरी चिरायची, थापताना तुटायची, ती सांगते. “पर त्या साली त्या मिलोनं जगवलं, नावं नाय ठेवायची.” ज्या अमेरिकी रानांत ज्वारी बुटकी झाली, यंत्रानं कापली जाऊ लागली, तिथं तिचं पीक इतकं निघायला लागलं की बोटी भरून बाहेर पाठवता आलं. बुटक्या ताटानं आमच्या घराला एकदा खाऊ घातलेलं आहे. हे मी माझ्या वहीत नोंदवते, आकड्यांच्या पानाशेजारी.

“आन् कडबा?” मी विचारलं.

“कडबा कसला बोटीतनं येतोय? जनावरं गेली सगळी. तुझ्या आज्यानं एक बैल तेवढा ठेवला.”

६.००

उजेड आहे तोवर मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूचा बांध बघून येते. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलेलं हे रान जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. चिंकारा कोवळी ज्वारी खातात. तात्या त्याबद्दल तक्रार करत नाहीत, कडेच्या दोन ओळी चिंकाऱ्यांच्या धरलेल्या असतात. मला तिथलं गवत हवं असतं. मारवेल आणि पवना ही गवतं ज्वारीच्याच जवळच्या भावकीतली, मका आणि ऊसही त्याच भावकीतले. नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात जो ऊस उभा आहे तो वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात आमच्या जिरायत ज्वारीचा फार जवळचा नातेवाईक. उसाच्या पेशीत शंभरावर गुणसूत्रं असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती. तो गुंता सोडवायला संशोधकांनी आधी ज्वारीच्या जनुकसंचाचाच आधार घेतला. उसाच्या एका वाणाचा तपशीलवार जनुकसंच आला तो २०२४ साली. कालव्यावरच्या शेतकऱ्यालाही लांब, भरीव पेर हवं असतं. त्याच्या कांडीत या जनुकाच्या किती प्रती जागत्या आहेत हे पुढच्या वर्षी वाचायला घ्यावं असं माझ्या मनात आहे. मारवेलाची तीन पाकिटं भरली, पवन्याची दोन.

८.००

जेवणं झाली. तात्या सुतळीचे तुकडे कापत बसले आहेत. बियाण्याची ताटं काढणीआधी रानात उभी असतानाच निवडायची असतात. खळ्यावर कणसांचा ढीग झाला की कोणतं कणीस कसल्या ताटावर होतं ते कळत नाही. त्यांनी आज संध्याकाळी मालदांडीच्या पट्ट्यात फिरून काही ताटांना सुतळी बांधली. कशावरून निवडली असं विचारलं तर बोटांवर मोजून सांगितलं. कणीस भरलेलं आणि आवळ, दाणा टपोरा मोत्यासारखा, पानं खालपर्यंत हिरवी, बूड जाड, लोळलेलं नाही, चिकटा पडलेला नाही. उंचीचं नाव घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ती तर दिसतीच.”

त्यांच्या सुतळीच्या ताटांपैकी ज्यांना चिठ्ठ्या होत्या त्यांचे नंबर मी उतरवून आणले होते. आता ते सकाळच्या वहीत शोधते. काही ताटं आधीच मोजलेली निघाली, त्यांच्या पानांची पाकिटं आहेत. बाकीची उद्या घ्यावी लागतील. पुण्यात त्यांचं ड्वार्फ-२ वाचलं जाईल, बाकीच्या जागाही, आणि तात्यांच्या डोळ्यानं निवडलेली ताटं न निवडलेल्यांपेक्षा कुठं वेगळी आहेत ते अक्षरांत बघता येईल. इतकी वर्षं ही निवड कणगीत जात आली, कागदावर कधी आली नाही.

काकूंनी पेरांच्या लांबीशेजारी नवा रकाना आखून दिला. त्यावर ‘बियाण्याला निवडलं?’ असं लिहिलं आणि तात्या नंबर सांगत गेले तसं समोर ‘होय’ भरत गेल्या.